पोचा पडलेला घ्या, रंगवलेला नको

प्रश्न : आम्ही वाळूजला बजाजनगरात भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहतो. मिस्टर कंपनीत कंत्राटावर आहेत, मी घरून पोळीभाजीचे डबे देते. सासूबाईंना नुकतंच इन्सुलिन सुरू झालंय. बाटली शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेवतो, पण रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचं दार वाजवायला जीवावर येतं. सहा हजार साठवले आहेत. एका दुकानात डबल डोअर फ्रीज आहे, ‘फुल रिकंडिशन’, नव्यासारखा चकाचक. सात हजार सांगतात, तीन महिन्यांची गॅरंटी. दुसरीकडे मिस्टरांच्या ओळखीतल्या सुपरवायझरांची पुण्याला बदली झालीय. त्यांचा 190 लिटरचा सिंगल डोअर आहे, पाच वर्षं वापरलेला, दाराला मोठा पोचा. साडेपाच हजार म्हणतात. मिस्टरांचं म्हणणं, एकदाच घ्यायचाय तर मोठा घेऊ. सासूबाई म्हणतात, लोकांचा वापरलेला नकोच, हप्त्यावर नवा आणा. काय करू?
– एक वाचक, बजाजनगर

ताई,

सुपरवायझरांचा फ्रीज बघायला जा. खाली सांगते त्या गोष्टी नीट निघाल्या तर तोच घ्या. बोलणी साडेचार हजारांपासून सुरू करा आणि पाच हजारांच्या आत मिटवा. दुकानातला चकाचक डबल डोअर सात हजारांना काय, पाच हजारांना दिला तरी घेऊ नका.

‘फुल रिकंडिशन’ म्हणजे नेमकं काय केलं, असं दुकानात विचारून बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: नवीन गॅस भरलाय, कलर मारलाय, आता काही बघायचं कामच नाही. यातलं पहिलंच वाक्य काळजीचं आहे. फ्रीजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांत तो उष्णता सोडतो, फ्रीझरच्या नळ्यांत पसरला की आतली उष्णता ओढून घेतो, आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. नळ्या शाबूत असतील तर फ्रीज मोडीत जाईपर्यंत गॅसला हात लावावा लागत नाही. तेव्हा गॅस भरावा लागला याचा अर्थ बहुतेक वेळा तो कुठूनतरी गळत होता. ती गळती सापडली का, तिथे वेल्डिंग केलं का, फिल्टर नवा टाकला का, गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा काढली का, हे चार प्रश्न विचारा. नुसता वरून गॅस भरलेला फ्रीज काही आठवडे किंवा काही महिने झकास गारवा देतो. गॅरंटी तीनच महिन्यांची का, हे त्यावरून तुम्हीच ताडा.

सगळ्याच दुकानदारांना एका माळेत ओवायचं नाही मला. जुने फ्रीज मन लावून दुरुस्त करून विकणारे कारागीर आपल्याकडे गावोगावी आहेत. असा माणूस फ्रीज वळवून कॉम्प्रेसर स्वतःहून दाखवतो, जोड कुठे दिला ते बोट ठेवून सांगतो, आणि रंगाबद्दल बोलत नाही. जुन्या फ्रीजवरचा नवा रंग माझ्या लेखी अवगुणच. तळाचा गंज, दाराच्या कडेचे फुगे, बिजागरीपाशी कुजलेला पत्रा असलं सगळं एका हातात झाकलं जातं. फ्रीज आधी कुणाकडे होता, का विकला, दुरुस्तीसाठी किती वेळा उघडला, हेही रंगासोबत पुसलं जातं. सुपरवायझरांच्या फ्रीजला पोचा आहे तो दिसतोय तरी. पोच्याने गारवा कमी होत नाही, किंमत कमी होते. दार घट्ट बसतंय ना एवढं बघायचं.

आता मिस्टरांचं ‘मोठा घेऊ’. तुमच्या घरात दूध, दही, भाजी, मळलेली कणीक आणि सासूबाईंचं औषध ठेवायचंय. त्याला 190 लिटर पुरतात. डबल डोअर बहुतेक फ्रॉस्ट-फ्री असतो, म्हणजे आत बर्फ साचू नये म्हणून त्यात पंखा असतो, बर्फ वितळवणारा हीटर असतो, तो लावणारा-थांबवणारा टायमर किंवा सेन्सर असतो. नवं असताना हे फार सोयीचं. दहा-बारा वर्षांनी यातला एकेक भाग बोलायला लागतो. सिंगल डोअरमध्ये बिघडण्यासारखं मुळात कमीच आहे: कॉम्प्रेसर, तो सुरू करणारा रिले, गारवा ठरवणारा थर्मोस्टॅट, दाराचं रबर. महिन्याकाठी एकदा बटण दाबून बर्फ वितळवायचा आणि खालचं पाणी पुसायचं, एवढी मेहनत मात्र तुमची.

विजेचं बिल हा यातला खरा खर्च, आणि दुकानात त्याचा विषयही निघत नाही. दारावरच्या तारांकित लेबलवर तारे मोजू नका, वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा वाचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक करत असते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे म्हणजे आजचे पाच तारे नव्हेत. लेबलवर ते कोणत्या काळापुरतं आहे हेही छापलेलं असतं, त्यावरून फ्रीजचं वय कळतं. समजा सिंगल डोअरवर 180 युनिट लिहिलेत, तर महिन्याला 15. जुन्या डबल डोअरवर 360 असतील तर महिन्याला 30. हे आकडे प्रयोगशाळेतले. तुमच्या पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये दोन्ही वाढणार. आणि महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांनंतरचं युनिट जवळजवळ दुप्पट महाग पडतं. तुमचं बिल आज ऐंशी-नव्वद युनिटांचं असेल, तर फ्रीजचा बराचसा वापर त्या महागड्या टप्प्यात जाईल. त्या टप्प्यातलं युनिट सगळे आकार धरून दहा रुपयांना पकडलं, तरी 15 युनिटांच्या फरकाचे महिन्याला दीडशे, वर्षाला अठराशे रुपये झाले. मोठा फ्रीज स्वस्तात मिळाला म्हणतात तो असा दर महिन्याला पैसे मागत राहतो.

भाड्याच्या खोलीत आणखी एक गोष्ट: घरमालकाला आधी विचारा. सबमीटर असेल तर ते युनिटमागे किती घेतात, आणि फ्रीज आला म्हणून भाड्यात काही वाढवणार का. फ्रीज दारात उतरल्यावर हा विषय निघाला की तुमच्या हातात काहीच राहत नाही.

सुपरवायझरांकडे जाताना आदल्या दिवशी फोन करून सांगा की फ्रीज रिकामा करू नका, बंद करू नका, जसा रोज चालतो तसाच राहू द्या. माझा सगळा भर यावर आहे. चालत्या घरातला, भरलेला, गार फ्रीज बघायला मिळणं हाच ओळखीतून घेण्याचा फायदा. बदलीच्या गडबडीत तो आधीच पुसून बंद करून ठेवला असेल, तर चालू करायला लावा, चहाला थांबा. अर्ध्या तासात फ्रीझरला हात लावला की चांगला गारठा जाणवला पाहिजे आणि मागची जाळी किंवा बाजूचा पत्रा कोमट झाला पाहिजे.

पोचल्यावर लगेच दार उघडू नका. आधी शेजारी उभं राहून आवाज ऐका. एकसारखी बारीक घरघर चालेल; खडखड, टकटक किंवा दर दोन-तीन मिनिटांनी ‘टिक’ होऊन बंद पडणं चालणार नाही. तुम्ही तिथे असताना कॉम्प्रेसर एकदा तरी स्वतःहून थांबायला हवा. तासभर दार न उघडता तो अखंड चालू असेल तर गॅस कमी आहे, थर्मोस्टॅट गेलाय किंवा रबर हवा सोडतंय, बहुधा तिन्हींपैकी एक. मग फ्रीझर बघा. बर्फ सगळीकडे सारखा पसरलेला असावा. एकाच कोपऱ्यात दाट आणि बाकी पत्रा कोरडा, हे गॅस कमी झाल्याचं लक्षण. फ्रीझरच्या तळावर आणि भिंतींवर मोबाइलचा टॉर्च मारून ओरखडे शोधा. सुरीने नाहीतर उलथन्याने बर्फ खरवडायची सवय किती घरांत असते ते तुम्हाला माहीत आहे. त्या पातळ ॲल्युमिनियमच्या मागेच गॅसच्या वाटा असतात, एक टोक लागलं की फ्रीजचा निकाल. ओरखडे खोल असतील, किंवा त्यावर एमसीलचा लेप दिसला, तर नमस्कार करून निघा.

दाराच्या रबरासाठी दहाची नोट पुरते. नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि हळूच ओढा. ती अडकत यायला हवी. हे चारी बाजूंनी करा आणि पोच्यापाशी दोनदा. रबर सैल असेल तर सौदा मोडू नका, रबर बदलून मिळतं. तो खर्च किमतीतून वजा करा. दारच वाकलं असेल आणि रबर नवं असूनही फट राहत असेल, तर मात्र पोचा फक्त दिसण्यापुरता नाही असं समजा.

शेवटी मागची बाजू. मिस्टरांना वाकायला लावा. कॉम्प्रेसरमधून एक आखूड तांब्याची नळी निघून तिथेच संपलेली दिसेल. कारखान्यात तिचं तोंड चेपून बंद केलेलं असतं. त्या जागी टोपीवाला वॉल्व्ह बसवलेला किंवा नव्या वेल्डिंगचा काळा डाग असेल, तर फ्रीज एकदा उघडून गॅस भरलेला आहे. मग तेच चार प्रश्न इथेही विचारा. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या नाहीत ना, पाण्याचा ट्रे फुटलेला नाही ना, तळाला गंजाने भोकं पडली नाहीत ना, हे बघा. पत्र्याला टेस्टर लावून करंट येत नाही याची खात्री करा. आत किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर गॅसचं नाव असतं. पाच वर्षांच्या सिंगल डोअरमध्ये बहुधा ‘आर-600ए’ असेल. हा विजेची बचत करणारा, पण पेट घेणारा गॅस आहे. अगदी थोडा असतो, रोजच्या वापरात त्याची भीती नको. पुढे कधी दुरुस्ती निघाली तर या गॅसचं काम येणाराच कारागीर बोलवा आणि दुसराच गॅस भरू देऊ नका. त्याच पट्टीवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो: ‘एन’ म्हणजे 32 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, ‘एसटी’ 38 पर्यंत, ‘टी’ 43 पर्यंत. मराठवाड्यातला उन्हाळा आणि वर पत्रा, तेव्हा ‘टी’ असेल तर उत्तम.

भाव करताना संकोच नको. त्यांना ठरलेल्या तारखेला घर सोडायचंय, आणि जुना फ्रीज टेम्पोत घालून पुण्याला न्यायचा खर्च त्यांनाही दिसतोच आहे. ‘साडेचार हजार, आज रोख, आजच उचलतो’ असं सरळ म्हणा. स्टँड आणि असेल तर स्टॅबिलायझर त्यातच मागा. मूळ बिल नक्की मागा. बऱ्याच कंपन्यांची कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी असते. पाच वर्षं झाली असतील तर उरलेली तुमच्या कामी येऊ शकते. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून अनुक्रमांक सांगितला की काय लागू आहे ते कळतं. वॉरंटी सहसा कॉम्प्रेसरपुरतीच असते, गॅस आणि मजुरी वेगळी, हेही ध्यानात ठेवा. साध्या कागदावर तारीख, रक्कम, मॉडेल, अनुक्रमांक लिहून त्यांची सही घ्या. ओळखीत असं कसं मागायचं, असं मिस्टर म्हणतील. हा कागद घरमालकाला, पोलिसांना, उद्या तुमच्याकडून घेणाऱ्याला, कुणालाही दाखवता येतो, म्हणून मागायचा.

सासूबाईंच्या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, त्यांना उडवून लावू नका. लोकांनी त्यात काय काय ठेवलं असेल, ही शंका आपल्याकडे घरोघरी निघते. सुपरवायझरांच्या घरचं खाणं-पिणं त्यांना माहीत असेल, दुकानातल्या फ्रीजबद्दल मात्र कुणीच काही सांगू शकत नाही, एवढं त्यांना सांगा. आणल्यावर काचा, ट्रे, भाजीचा डबा काढून साबणाने धुवा, थोडा वेळ उन्हात ठेवा. आतून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसा, रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने साफ करा, दार उघडं टाकून वाळू द्या. हे काम त्यांच्या देखरेखीखाली झालं तर अर्धा विरोध तिथेच मावळेल.

हप्त्यावर नव्याचं म्हणाल, तर साधा नवा सिंगल डोअर बारा ते पंधरा हजारांच्या घरात जातो. कंत्राटी पगारात एखादा महिना खाडा पडला आणि हप्ता चुकला की दंड आणि बँकेचा बाउन्स चार्ज दोन्ही लागतात. ‘बिनव्याजी’ योजनेतही प्रोसेसिंग फी असते, ती विचारा. तरीही सुपरवायझरांचा फ्रीज तपासणीत नापास झाला, तर मी दुकानातल्या डबल डोअरकडे वळायला सांगणार नाही. हातातले सहा हजार आधी भरून उरलेल्याचे लहान हप्ते पाडून नवा लहान फ्रीज घ्या. घाई नसती तर दिवाळीपर्यंत थांबा म्हटलं असतं. दसरा-दिवाळीला लोक जुना देऊन नवा घेतात, त्यानंतर बाजारात चालते जुने फ्रीज भरपूर येतात आणि भाव उतरतात. मार्च ते मे उलट, पोचेवालासुद्धा भाव खातो. ऑनलाइन जाहिरातीत शोधायची वेळ आली तर वस्तू न बघता एक रुपया आगाऊ देऊ नका. ‘मी फौजेत आहे, बदली झाली, क्यूआर पाठवतो’ ही फसवणूक देशभर चाललेली आहे. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही.

इन्सुलिनसाठी फ्रीज घेताय म्हणून थोडं त्याबद्दल. न फोडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची असते आणि ती गोठली तर वाया गेली, वितळवून वापरायची नसते. सिंगल डोअरमध्ये फ्रीझरच्या खालचा चिलर ट्रे सगळ्यात गार, तिथे ती ठेवूच नका. मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून दूर, छोट्या डब्यात ठेवा. फ्रीजचा थर्मामीटर थोडक्या पैशांत मिळतो. जुन्या फ्रीजला तो हवाच, कारण थर्मोस्टॅटच्या बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. पहिले दोन-तीन दिवस फक्त पाणी आणि थर्मामीटर ठेवा, सकाळ-दुपार-रात्र बघा, आकडा टिकतोय असं दिसलं की बाटली हलवा. तोवर शेजारणीचं दार वाजवायला लाजू नका. सध्या वापरात असलेली बाटली बाहेर किती दिवस चालते आणि उन्हाळ्यात ती मडक्यातल्या गारव्यात कशी ठेवायची, हे डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारून घ्या. रोजच्या दोन फेऱ्या त्यानेही वाचतील.

आणायला छोटा हत्ती किंवा टेम्पो करा आणि फ्रीज उभाच आणा. आतल्या काचा काढून चादरीत गुंडाळा, दाराला चिकटपट्टी लावा. अगदीच आडवा करावा लागला तर घरी उभा करून चार-पाच तास तसाच ठेवा, कॉम्प्रेसरचं तेल जागेवर जाऊ द्या, मगच चालू करा. एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. अर्थिंग असलेला भिंतीतला पॉइंट लागेल, नसेल तर वायरमनकडून आधी करून घ्या. संध्याकाळी बल्ब मंद होत असतील तर स्टॅबिलायझर लावाच. जागा निवडताना पश्चिमेची तापणारी भिंत आणि शेगडी दोन्ही टाळा, मागे वीतभर मोकळं सोडा. वर डब्यांची चळत आणि बाजूला कपड्यांची दोरी नको, त्याला उष्णता टाकायला जागा लागते. दुपारी पत्रा तापलेला असताना गरम भाजीचं पातेलं आत सारू नका. डब्यांची कणीक रात्रीच मळून ठेवली तर दिवसा दार उघडणं कमी होईल.

चालू कराल त्या दिवशी मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर लिहा आणि आठवड्याने पुन्हा लिहा. फ्रीज नसताना आठवड्याला किती युनिट जायचे ते जुन्या बिलावरून काढता येईल. फरक चार-सहा युनिटांचा असेल तर ठीक. दहाच्या वर गेला तर आधी दहाची नोट घेऊन रबर पुन्हा तपासा, मग थर्मोस्टॅट एक घर खाली करा, आणि तरी उतरला नाही तर सुपरवायझर पुण्याला जायच्या आधी त्यांच्या नेहमीच्या मेकॅनिकचा नंबर मागून घ्या.